आधी सावली, मग पाणी

उन्हाळ्यात चौक पाण्याने गार करण्याबद्दल मी जो लेख लिहिला, त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. ‘प्यायला पाणी पुरत नाही तिथे ते चौकातल्या हवेत उडवायचं? आणि उघड्यावर गार केलेली हवा वाऱ्याबरोबर निघूनच जाते,’ असं तुमचं म्हणणं. वाऱ्याचा मुद्दा अगदी बरोबर. कारंज्यांचं मी जे कौतुक केलं, ते चुकलंच. भर उन्हात चौरस मीटरला 700-800 वॅट उष्णता पडते. ओली फरशी तशा उन्हात ठेवली, तर तेवढी उष्णता झेलण्यातच तासाला लिटरभर पाणी संपतं. शेजारी बसलेल्याला काय मिळालं?

पण सावलीत हिशेब पार बदलतो. घरी करून बघा. दोन थर्मामीटर सावलीत टांगा, एकाच्या टोकाला ओली सुती चिंधी गुंडाळा आणि पुठ्ठ्याने वारा घाला. हवा 40 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असेल, तर चिंधीतला पारा उतरत उतरत 23च्या आसपास थांबतो. सावलीतली ओली, सच्छिद्र विटांची भिंत याहून काही अंशच वर राहते. आपल्याला नुसती हवा भाजत नाही, तापलेल्या भिंती आणि फरशीची धगही भाजते. म्हणून गार हवा वाहून गेली, तरी गार भिंतीशेजारी बसलेल्या अंगाला आराम पडतो. माझा सगळा भर या भिंतीवर हवा होता, हवेवर नव्हे.

आता पाणी. सावलीत, मंद वाऱ्यात अशी भिंत चौरस मीटरला तासाला साधारण पाव ते अर्धा लिटर पिते. म्हणजे दहा चौरस मीटर भिंतीला दुपारचे सहा तास 15 ते 30 लिटर. पंप लागत नाही. वरच्या टाकीतून ठिबकणारं पाणी विटा शोषून घेतात. एवढ्या पाण्यात दहा-बारा माणसांना दुपारी टेकायला जागा होत असेल, तर त्याला उधळपट्टी म्हणायला माझं मन धजत नाही. स्पेनमधल्या सेव्हिलला 1992च्या जागतिक प्रदर्शनात तुषार आणि जलाशय होते, पण त्यांच्या जोडीला मांडव, वेली आणि झाडांची भरपूर सावलीही होती.

दमट हवेत मात्र हे करू नये. आर्द्रता 60 टक्के असली की त्याच 40 अंशांत चिंधीतला पारा 33च्या खाली उतरत नाही. आणि तुम्ही न काढलेली एक अडचण मीच सांगतो: क्षारांची. पाणी उडून जातं, क्षार विटेत राहतात, पांढरा थर धरतो आणि छिद्रं बुजतात. जड पाणी असेल तर विटा घासाव्या लागतात, काही बदलाव्याही लागतात. कारंज्यांचा परिच्छेद काढून त्या जागी हेच लिहितो आहे.