काका, झडती म्हटल्यानं जेल होत नाही

यंदा पोळा फुटायच्या आधी तोरणाखाली एकानं झडती, म्हणजे पोळ्यात म्हणायचं चिमटे काढणारं गाणं, सोडली :

"सोयाबीन बुडलं वावरात, कर्ज राह्यलं घरात,
साहेबानं पाहनी केली हेलिकाप्टरच्या दारात!
एक नमन गौरा पार्वती, हर बोला हर हर महादेव!"

बैलांसकट सगळं गाव हसलं. रात्री व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर आला आणि पाठोपाठ तो नेहमीचा मेसेज : "सावधान! नवीन कायद्यानुसार सरकारविरुद्ध पोस्ट म्हणजे देशद्रोह, जन्मठेप. ग्रुपमध्ये कुणीही टाकलं तरी ॲडमिन आत. भावना दुखावल्यास कलम ६६-अ, जामीन नाही. जसा आला तसा पाठवतोय."

ॲडमिन आमचे काका. त्यांनी व्हिडिओ उडवला, ग्रुपला कुलूप लावलं आणि मला विचारलं, "बाबू, तू कायद्याचं शिकतं ना? मले नेतीन काय आता?" राजकीय बोलण्यावर कायदा कुठवर बंधन घालू शकतो, हाच माझ्या पीएचडीचा विषय. म्हटलं, ओळीओळीनंच बघू.

आधी ॲडमिनचं, कारण काकांची झोप त्यानंच उडाली होती. हा प्रश्न आपल्या शेजारच्या गोंदिया जिल्ह्यातूनच कोर्टात गेला होता. ग्रुपमधल्या एकानं एका बाईबद्दल घाणेरडं लिहिलं, ॲडमिननं त्याला काढलं नाही, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मार्च २०२१ मध्ये तो रद्द केला. कोर्टाचं म्हणणं असं : ॲडमिनच्या हाती माणसं घेणं आणि काढणं एवढंच. कोण काय टाकणार हे त्याला आधी कळत नाही, रोखताही येत नाही. दोघांचा मिळून बेत होता असं दिसलं, तरच तो अडकतो. काकांना तर ती झडती ग्रुपवर येणार हेही आधी माहीत नव्हतं.

माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६-अ हे कलम मेलेलं आहे. सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ लाच ते घटनाबाह्य ठरवलं. तरी पोलीस ठाण्यांत ते लावणं चालूच राहिलं, म्हणून २०२२ मध्ये कोर्टाला पुन्हा बजावावं लागलं. आणि जिवंत होतं तेव्हाही ते जामीनपात्र होतं! मेसेज लिहिणाऱ्यानं मढ्याच्या हाती काठी दिली.

देशद्रोहाचं मात्र थोडं थांबून बघायला हवं. लोक ज्याला देशद्रोह म्हणतात त्या, जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम १२४-अ मधल्या राजद्रोहाला सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ मध्ये स्थगिती दिली. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, त्यात राजद्रोह हा शब्द नाही. राजद्रोहाच्या जागी कलम १५२ आहे आणि शिक्षा खरंच जन्मठेपेपर्यंत जाते. पण ते फुटीरपणा, सशस्त्र बंड, देशाच्या एकतेला धोका यांसाठी. कायदेशीर मार्गानं बदल व्हावा म्हणून सरकारच्या कारभारावर टीका करणं गुन्हा नाही, असं स्पष्टीकरण त्याच कलमाखाली आहे. कलमाचे शब्द ऐसपैस आहेत, उद्या कोणी ते ताणेल, ही भीती मलाही आहे. पण सोयाबीन ताणून त्यात बसवायचं म्हणजे कठीणच.

आता भावना. कुणाला राग आला की गुन्हा झाला, हे आपल्याकडे सगळे धरूनच चालतात. मग राग कुणाचा मोजायचा? याचं उत्तर नागपुरातच दिलं गेलंय. १९४७ च्या निकालसंग्रहात छापलेल्या एका खटल्यात नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस म्हणाले होते की, शब्दांचा परिणाम समंजस, खंबीर, धीट माणसाच्या मापानं जोखायचा. प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या डळमळीत मनाच्या मापानं नाही. हे माप अजून चालतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका प्राध्यापकानं ३७० कलम हटवल्याच्या दिवसाला व्हॉट्सॲप स्टेटसवर काळा दिवस म्हटलं होतं. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला, तो हेच माप लावून. मात्र त्याआधी मुंबई उच्च न्यायालयानं तो रद्द करायला नकार दिला होता. गुन्हा टिकला नाही, तरी दिल्लीपर्यंतची वारी त्याच्या वाट्याला आलीच. मेसेजमधल्या भीतीत खरं काही असेल तर एवढंच.

आणि ते शेवटचं "जसा आला तसा". त्यानं कोणी सुटत नाही. तमिळनाडूतल्या एका माजी आमदारानं महिला पत्रकारांबद्दलची घाणेरडी पोस्ट पुढे ढकलली आणि मी नुसती फॉरवर्ड केली म्हणाला. २०२३ मध्ये आधी मद्रास उच्च न्यायालयानं आणि मग सर्वोच्च न्यायालयानंही ते ऐकलं नाही. दोन समाजांत वैर पेरणारं काही पाठवलं तर न्याय संहितेचं कलम १९६ आहे, तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे.

हे सांगताना काकांचा मोबाईल माझ्याच हातात होता. त्याच आठवड्यात दोन समाजांना भिडवणारा एक बनावट फोटो त्यांनी तीन ग्रुपवर टाकलेला दिसला. झडती उडवली होती. फोटो तसाच होता.

"हे त मी फक्त पुढं पाठवलं," काका म्हणाले, आणि चष्मा शोधू लागले.