टू-स्ट्रोकमध्ये असतं काय?

टू-स्ट्रोक इंजिनाची बाजू घेणारा माणूस पहिलं वाक्य कायम एकच टाकतो, "अहो, त्यात असतं काय?" व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही, टायमिंगची साखळी नाही, खाली ऑइलची टाकी नाही. पिस्टन वर जातो, पिस्टन खाली येतो, क्रँकच्या दर फेरीला एक ठिणगी, संपला विषय. मला जुनी जेट स्की, म्हणजे पाण्यावर पळणारी स्कूटर, विकणाऱ्या गृहस्थांनीही हेच सांगितलं. त्यांचं दुसरं वाक्य होतं, "मागच्या सीझनला मस्त पळत होती." मागचा म्हणजे नेमका कुठला, असं विचारल्यावर ते आभाळाकडे बघू लागले. तिसरं वाक्य, "फक्त कार्ब्युरेटर साफ करून घ्या." तेवढंच काम होतं तर ते स्वतःच उरकून त्यांनी जास्त पैसे का नाही मागितले, असा प्रश्न आमच्या हिने विचारला. प्रश्न बिनतोड होता. फक्त तो आला तेव्हा ट्रेलर दारात लागलेला होता.

जेट स्कीत काय नाही, याची यादी इंजिनापाशी थांबत नाही. ब्रेक नाही. गिअर नाहीत. माझ्या मॉडेलला न्यूट्रल नाही आणि रिव्हर्सही नाही. इंजिन लागलं की पाणी मागे फेकणारा पंप फिरतो आणि पंप फिरला की स्वारी निघते. रेडिएटर नाही, कारण ज्या पाण्यावर आपण बसलेलो असतो तेच पाणी पंपाच्या दाबाने इंजिनाभोवती फिरून बाहेर पडतं. या वाहनामागचं मूळ डोकं क्लेटन जेकबसन या अमेरिकी मोटोक्रॉस स्वाराचं. कावासाकीने १९७३ साली उभं राहून चालवायची जेट स्की बाजारात आणली. माझी मात्र नव्वदच्या दशकातली, बसून चालवायची, दोन सिलिंडर आणि दोन कार्ब्युरेटर असलेली. म्हणजे 'फक्त कार्ब्युरेटर' हे प्रकरण पहिल्याच दिवशी दुप्पट झालं.

सीट उचलल्यावर आत जे दिसलं त्याला इंजिन म्हणायला धीर लागत होता. पांढरी भुकटी, हिरवे डाग, कडक झालेल्या नळ्या आणि तळाशी साचलेलं, वयाचा अंदाज न येणारं पाणी. मी एका मिस्त्रींना बोलावलं. त्यांचं आयुष्य दुचाक्यांत गेलेलं, पण टू-स्ट्रोक ऐकल्यावर डोळ्यांत चमक आली. आत वाकून त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, आधी कॉम्प्रेशन बघू. बाकी सगळं विकत मिळतं." कॉम्प्रेशन म्हणजे सिलिंडरात पिस्टन किती दाब तयार करतो ते.

दोन्ही प्लग काढले, त्यांच्या वायरी अर्थिंगला लावल्या, प्लगच्या भोकात गेज घट्ट बसवला, थ्रॉटल पूर्ण उघडा धरला आणि सेल मारला. अशा इंजिनाला दीडशेच्या आसपास पीएसआय (दाबाचं माप) मिळाला तर पेढे वाटावेत, आणि दोन सिलिंडरांत दहा टक्क्यांहून जास्त फरक नसावा. पहिल्याने १४५ दाखवले. दुसऱ्याने ११०. मिस्त्री काहीच बोलले नाहीत. मिस्त्री बोलत असतात तोवर खर्च आटोक्यात असतो, हे मला त्या दिवशी समजलं.

पिस्टन आणि रिंगा बघायच्या तर हेड, म्हणजे सिलिंडरवरचं झाकण, काढायचं. हेड काढायचं तर आधी एक्झॉस्ट काढायचा. आणि एक्झॉस्ट काढायचा तर बोल्ट. पुढचे कित्येक रविवार मी बोल्टांच्या सहवासात काढले.

त्यामागे शास्त्र आहे. स्टेनलेसचा बोल्ट, अॅल्युमिनियमचं अंग आणि मधे खारं पाणी, असे तिघे एकत्र आले की तिथे छोटी बॅटरी तयार होते. अॅल्युमिनियम झिजतं, त्याची भुकटी फुगते आणि बोल्टाला आवळून धरते. बोल्ट बिचारा चकचकीत दिसतो, त्याचं काहीच बिघडलेलं नसतं. तो फक्त यायला तयार नसतो. मग गंज सोडवणारं तेल मारायचं आणि रात्रभर थांबायचं. सकाळी डोक्यावर हलके ठोके द्यायचे. परत तेल. नंतर पेट्रोलची टाकी लांब नेऊन ठेवायची, दोनदा खात्री करायची की ती खरंच लांब आहे, आणि बोल्टाभोवतीचा भाग तापवायचा. थंड होऊ द्यायचा. मग पाना लावून, देवाचं नाव घेऊन, जोर. अशा वेळी 'टक्' असा एक आवाज येतो. बोल्ट सुटल्याचा आवाज आणि बोल्ट तुटल्याचा आवाज हुबेहूब एकच असतो. कुठला होता हे पुढच्या क्षणी कळतं, आणि त्या क्षणापुरता माणूस फार आशावादी असतो.

तुटलेल्या बोल्टाच्या मधोमध भोक पाडून त्यात उलट्या आट्यांचा एक्स्ट्रॅक्टर घालायचा, असा पुढचा उपाय आहे. तो वाचायला सुंदर आहे. एक्स्ट्रॅक्टर फार कडक पोलादाचा असतो, त्यामुळे तो वाकत नाही, सरळ मोडतो. मग बोल्टाच्या पोटात असा तुकडा उरतो की घरातलं कुठलंही ड्रिल त्यावर ओरखडासुद्धा काढू शकत नाही. मिस्त्रींनी त्याकडे बघून चष्मा पुसला. "साहेब, हे आता लेथवाल्याकडे." त्यांच्या आवाजात मृताबद्दलचा आदर होता.

या सगळ्यात दहा नंबरचा सॉकेट आत पडला. हलच्या, म्हणजे होडीसारख्या बाहेरच्या अंगाच्या, आत इंजिन असं बसवलेलं असतं की वरून पडलेली कोणतीही वस्तू त्याच्या खाली, अगदी मधोमध जाऊन थांबते. तिथे हात पोचत नाही, नजर पोचत नाही, टॉर्चचा उजेड पोचतो पण वळून परत येतो. लांब दांडीचं चुंबक सोडावं तर ते वाटेतल्या स्टार्टर मोटरला चिकटतं. तिथून सोडवलं की पुन्हा तिलाच चिकटतं. आमच्या जेट स्कीच्या तळाशी त्यामुळे हत्यारांचा एक स्वतंत्र संच तयार झाला आहे, आणि तो माझ्या पेटीतल्या संचापेक्षा पूर्ण आहे.

पिस्टन, रिंगा, गॅस्केटं नवी घातली. सिलिंडर घासून आणला. हे काम सरळ झालं, त्यामुळे त्यावर लिहिण्यासारखं काही नाही.

आता कार्ब्युरेटर. याला फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता गोळा, नसतो. पाण्यावर वाहन वाटेल तसं कलंडतं, म्हणून पेट्रोल मोजायला आत पातळ डायफ्रॅम, म्हणजे लवचिक पडदे, ठेवलेले असतात आणि क्रँककेसमधल्या दाबाच्या चढउतारावर चालणारा एक चिमुकला पेट्रोल पंपही त्यातच असतो. कल्पना इतकी हुशार आहे की रचणाऱ्याला नमस्कार करावासा वाटतो, आणि डायफ्रॅम कडक झाल्यावर तोच हात वेगळ्या कारणासाठी शिवशिवतो. माझ्या कार्ब्युरेटरांच्या जाळीत हिरवा चिकट लगदा सापडला. तो कार्ब्युरेटरचा नव्हताच. त्या काळच्या काही यंत्रांत पेट्रोलची राखाडी नळी वापरलेली असते. वर्षं गेली की ती आतून विरघळू लागते आणि तिचा लगदा सगळा प्रवास करून नेमका त्या नखाएवढ्या जाळीत येऊन बसतो. म्हणजे कार्ब्युरेटर कितीही साफ करा, नळ्या बदलल्या नाहीत तर तोच लगदा पुन्हा हजर. "फक्त कार्ब्युरेटर" सांगणाऱ्याने तो बहुधा अनेकदा साफ केला असावा.

हे हसण्यावारी नेता येत नाही. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला वंगण मिळतं ते पेट्रोलच्या वाटेनेच. पेट्रोल कमी पडलं, मिश्रण लीन झालं, की वंगण कमी आणि उष्णता जास्त. पिस्टन फुगतो, सिलिंडरला घासतो आणि इंजिन सीझ होतं. वाईट गोष्ट अशी की लीन इंजिन सीझ होण्याआधी झकास पळतं. चालवणाऱ्याला वाटतं, आज काय सूर लागलाय! तो सूर निरोपाचा असतो.

म्हणून ऑइलचा प्रश्न. माझ्या यंत्राला ऑइल आपोआप सोडणारा वेगळा पंप आहे. यावर जाणकारांचे दोन पंथ आहेत आणि ते एकमेकांकडे पाणीही पीत नाहीत. एक म्हणतो, पंप आहे तसा ठेवा, कंपनीला अक्कल होती. दुसरा म्हणतो, तो पंप बंद पडला तर तुम्हाला कळणार कसं? काढून टाका, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळा, ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. मी दोघांचंही ऐकलं. पंप ठेवला आणि पहिल्या टाकीत थोडं ऑइलही मिसळलं. दोन्ही पंथांनी मला वाळीत टाकलं.

इंजिन सुरू झालं तो दिवस शेजाऱ्यांच्याही लक्षात आहे. धूर असा निघाला की समोरच्या काकांनी खिडकीतून विचारलं, "काय हो, डासांची फवारणी आहे का आज?" आवाजाबद्दल त्यांनी काही विचारलं असावं, पण ते ऐकू आलं नाही.

जमिनीवर इंजिन चालवायचं तर नळाचं पाणी जोडावं लागतं, आणि खाऱ्या पाण्यातून आल्यावर ते जोडून आतलं मीठ धुणं सक्तीचंच. त्याचा क्रम वेदमंत्रांइतका पक्का आहे. आधी इंजिन चालू, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग दोनदा रेस देऊन आतलं उरलेलं पाणी बाहेर, मग इंजिन. क्रम उलटा झाला तर पाणी एक्झॉस्टमधून थेट सिलिंडरात. म्हणून या विधीला दोन माणसं लागतात, एक बटणाशी आणि एक नळाशी. नळाशी आमची ही.

"पाणी!"

"काय?"

"पाणी सोड!"

"तुम्हाला प्यायला हवंय का?"

"नळ! नळ!"

"अहो, आधी ते बंद करा, काही ऐकू येत नाहीये!"

पाण्यावाचून इंजिन फार वेळ चालू ठेवता येत नाही, आणि बायकोला नीट समजावून सांगायला त्याहून थोडा जास्त वेळ लागतो. शेवटी हातवारे ठरले. उजवा हात वर म्हणजे सोड, डावा म्हणजे बंद. रस्त्यावरच्या दोन मुलांनाही ते पाठ झालेत. मी सीट उचललं की ती कुंपणाशी येऊन उभी राहतात आणि हात वर करतात. डोळे त्यांच्याकडे ठेवून नळ फिरवायचा नाही, एवढंच हिला बजावून ठेवलंय.

पाण्यात नेल्यावर पहिल्यांदा कळलं की इंजिन उत्तम गुरगुरतंय आणि आपण जवळपास जागेवर आहोत. इम्पेलर, म्हणजे पंपातला पंखा, आणि त्याभोवतीची वेअर रिंग नावाची कडी यांच्यात मिलिमीटरभर फट पडली की पाणी मागे ढकललं जाण्याऐवजी त्या फटीतून घसरतं. वाळू आणि खडे गिळून गिळून ती पडते. रिंग बदलली आणि मग मात्र जेट स्की अशी सुटली की तोंडातून शब्द फुटेना. बरोबर त्याच वेळी यादीतला "ब्रेक नाही" आठवला. वळवण्याचं काम मागच्या नोझलमधून सुटणारं पाणी करतं. घाबरून अंगठा थ्रॉटलवरून काढला की पाणी थांबतं आणि हँडल शोभेपुरतं उरतं. समोर काही आलं तर वळण्यासाठी गॅस द्यायचा असतो. हे डोक्याला पटतं. अंगठा डोक्याचं ऐकत नाही.

उलटली तर सरळ करायचीही एक दिशा असते. ती सांगणारं स्टिकर मागच्या बाजूला लावलेलं असतं, बाणासकट. चुकीच्या दिशेने फिरवली तर एक्झॉस्टमधलं पाणी इंजिनात जातं. मग प्लग काढा, वायरी अर्थिंगला लावा, सेल मारून पाणी उडवा, आणि क्रँकची बेअरिंगं गंजायच्या आत त्याच दिवशी इंजिन पुन्हा चालवा. माझ्या जेट स्कीवरचं ते स्टिकर तीस वर्षांच्या उन्हाने कोरं झालं आहे. बाण कुठे होता हे मी पुस्तिकेत बघितलं आणि तो ठळक रंगाने रंगवून घेतला.

कधी कधी कोणी पर्यावरणाचा विषय काढतं, आणि तिथे मी वाद घालत नाही. अशा इंजिनात नवं मिश्रण आत येतं तेव्हा बाहेर जायची वाटही उघडीच असते, त्यामुळे पाव-एक हिस्सा पेट्रोल न जळताच पाण्यात जातं. अमेरिकेतल्या लेक टाहोवर १९९९ पासून कार्ब्युरेटरवाल्या टू-स्ट्रोकना बंदी आहे आणि ती मला योग्य वाटते. माझी जेट स्की तशीही बहुतेक काळ ट्रेलरवर असते. पर्यावरणाला तिच्याइतकी जपणारी दुसरी नसेल.

सुटे भाग हल्ली मिळणं कठीण झालंय. नव्या जेट स्की केव्हाच फोर-स्ट्रोक झाल्या. मिस्त्रींनी उपाय सुचवला, "साहेब, याच मॉडेलची एखादी बंद पडलेली घेऊन ठेवा. पार्टांना होईल." घेतली. हल फुटलेला, सीट गायब, वर गवत उगवलेलं. अंगणात ती पहिलीच्या शेजारी लावली तेव्हा हिने कमरेवर हात ठेवून फक्त पाहिलं. आम्ही मोडायला सुरुवात करणार, तेवढ्यात मिस्त्रींना सवयीने राहवलं नाही. त्यांनी गेज लावला आणि सेल मारला.

पहिला सिलिंडर दीडशे. दुसरा दीडशे.

मिस्त्री पुन्हा गप्प झाले. मी दोन्ही जेट स्कींकडे आळीपाळीने पाहिलं. शेवटी हीच म्हणाली, "मग आता पार्ट कोणी कोणाला द्यायचे?"