कापलेली नळी आणि चोकचा भरवसा

अमेरिकेतल्या आपल्या बंदूकप्रेमी मंडळींमध्ये एक सल्ला सध्या या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरतो आहे: 'जुन्या बारा बोअरची (छर्‍यांच्या बंदुकीची) लांब नळी कापून टाका. आखूड नळीने छर्रे पसरतात, पण बाजारातली चोक ट्यूब (तोंडाशी भोक आवळणारी छोटी नळी) फिरवून बसवली की मारा पूर्वीसारखाच होतो.' इतका चुकीचा सल्ला इतक्या खात्रीने दिला जातो याची मला काळजी वाटते, कारण तो ऐकणाऱ्याचा हात आणि डोळा पणाला लागतो.

आखूड नळीने छर्रे पसरतात, हेच मुळात खरं नाही. पसारा ठरतो नळीच्या तोंडाशी. जुन्या बंदुकीत चोक, म्हणजे भोकाचं तोंडाशी केलेलं आकुंचन, नळीतच घडवलेला असतो, आणि तोही शेवटच्या काही इंचांत. फुल चोक म्हणजे सुमारे एक मिलिमीटरचं आकुंचन. करवत चालली की पहिल्यांदा तोच तुकडा खाली पडतो आणि उरते चोक नसलेली सरळ नळी. चाळीस यार्डांवर तीस इंचांच्या वर्तुळात फुल चोक साधारण सत्तर टक्के छर्रे टाकतो, सरळ नळी चाळीसच्या आसपास. हा फरक चोक गेल्याचा आहे, लांबीचा नव्हे. लांबी कमी झाल्याने छर्‍यांचा वेग घटतो, पण तो किरकोळ.

'फिरवून बसवा' म्हणे! कापलेल्या तोंडाला आटे असतात कुठे? ते आतून पाडावे लागतात, आणि त्यासाठी भिंत पुरेशी जाड हवी. चोक ट्यूबसाठीच बनवलेल्या नळ्यांना कारखाना बहुधा तोंडाशी जास्त धातू ठेवतो. जुन्या हलक्या बंदुकीची नळी पुढच्या भागात फार पातळ असते, आणि तिथे आटे पाडले तर उरतो पत्रा. शिवाय सगळे आटे सारखे नसतात. रेमिंग्टन कंपनीची ट्यूब ब्राउनिंग कंपनीच्या 'इन्व्हेक्टर' प्रकारच्या आट्यांत जात नाही.

खरी मेख पुढे आहे. नळीचं आतलं भोक आणि बाहेरची गोलाई एकाच अक्षावर असतात असं गृहीत धरता येत नाही. म्हणून जाणता गनस्मिथ (बंदूक-कारागीर) आधी भोक मोजतो, त्यात नेमका बसणारा मार्गदर्शक दांडा घालतो आणि त्याच्या आधाराने आटे पाडायचं अवजार चालवतो. बाहेरची बाजू प्रमाण मानली तर ट्यूब तिरकी बसते आणि मारा एका अंगाला जातो. त्याहून वाईट म्हणजे ट्यूबची मागची कड भोकात डोकावली, तर छर्रे आणि वॅड (काडतुसात छर्‍यांमागे असणारं बूच) तिच्यावर आदळतात. मग ट्यूब उखडते, नळीचं तोंड फुगतं किंवा फाटतं. हे काम होतच नाही असं मी म्हणत नाही. जाड भिंतीच्या एकनळी बंदुकीवर ते उत्तम होतं, पण मोजमाप करून, कारागिराच्या हातून.

दुनळी तर कापूच नये. तिच्या दोन नळ्या तोंडाकडे किंचित जवळ आणून, मधल्या पट्ट्यांसकट झाळून जुळवलेल्या असतात. कापल्यावर पट्ट्यांमध्ये पोकळी उघडी पडते, पाणी शिरतं, आतून गंज धरतो. दोन्ही नळ्यांचा मारा एका जागी पडेल याचीही खात्री उरत नाही. कुठलाही चोक हे भरून काढत नाही.

'ट्यूब नळीच्या तोंडाबाहेर आली की तिच्यासकट लांबी कायद्यात बसते' हा काहींचा युक्तिवाद तर सरळ तुरुंगाकडे नेणारा आहे. अमेरिकेत 1934 च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टप्रमाणे अठरा इंचांपेक्षा आखूड नळीच्या शॉटगनची आधी नोंदणी आणि मंजुरी लागते. काढता येणारी चोक ट्यूब त्या मापात धरली जात नाही. आणि हा निरोप गावाकडच्या, पीकसंरक्षणाचा परवाना असलेल्या नातेवाइकाला पुढे पाठवणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं: भारतात शस्त्र अधिनियम 1959 च्या कलम 6 नुसार नळी आखूड करायलाच वेगळा परवाना लागतो. बंदुकीचा परवाना त्याला पुरत नाही.

मारा 'पूर्वीसारखाच' राहतो म्हणणाऱ्यांनी चाळीस यार्डांवर कापण्याआधीचा एक आणि नंतरचा एक, असे दोन कागद लावावेत. दाट भागाभोवती तीस इंचांचं वर्तुळ काढावं, भोकं मोजावीत आणि तो दाट भाग नेमापासून किती सरकला तेही पाहावं. असे कागद या निरोपासोबत मी अजून पाहिलेले नाहीत.