इसब आणि स्वप्रतिपिंडांची तपासणी : कराडच्या वाचकभगिनींस उत्तर

आपला आक्षेप थोडक्यात असा, की अ‍ॅटोपिक डर्मॅटायटिसच्या, म्हणजे या प्रकारच्या इसबाच्या, रुग्णांच्या रक्तात शरीराच्याच प्रथिनांविरुद्धची प्रतिपिंडे सापडतात हे मी लेखात मान्य केले आणि लगेच ती तपासत बसू नका असे सांगून मोकळा झालो. ‘पुण्या-मुंबईकडे तपासण्या आणि आमच्या वाट्याला नुसते मलम’ हे आपले वाक्य झोंबणारे आहे; आणि आपल्या आठ वर्षांच्या मुलीचा एएनए (पेशीच्या केंद्रकाविरुद्धच्या प्रतिपिंडांची तपासणी) अहवाल १:८० ला, म्हणजे सीरम (रक्तातला पातळ द्रव) ऐंशी पट पातळ केल्यावरही, पॉझिटिव्ह आलेला असताना ते लिहिले गेले, हे मी विसरत नाही. तरीही माझे मत तेच आहे. त्याची कारणे सविस्तर देतो.

ही प्रतिपिंडे सापडतात, यात वाद नाही. त्यांतली बरीच आयजीई या, अ‍ॅलर्जीत वाढणाऱ्या, वर्गाची असतात. मँगनीज सुपरऑक्साइड डिसम्युटेज हे एंझाइम आपल्या पेशींत असते, तसेच त्वचेवर वावरणाऱ्या मॅलॅसेझिया या बुरशीतही असते, आणि दोन्हींची ठेवण इतकी मिळतीजुळती असते की बुरशीविरुद्ध तयार झालेले आयजीई आपल्या एंझाइमलाही चिकटू शकते. खाजवून फाटलेल्या त्वचेतून बुरशीचे घटक आत शिरतात आणि इजा झालेल्या पेशींतली प्रथिने बाहेर सांडतात, त्यामुळे प्रतिकारशक्तीची गफलत व्हायला वाव मिळतो. मात्र २०१२ साली तोवरच्या अभ्यासांचा जो पद्धतशीर आढावा प्रसिद्ध झाला, त्यात अशा स्वप्रतिक्रियेचे प्रमाण कुठे २३ टक्के, तर कुठे ९१ टक्के निघाले. रुग्ण कोणते निवडले आणि तपासणी कशी केली यावर ज्या खुणेचे प्रमाण इतके हलते, तिच्या आधारे एका मुलीच्या उपचाराचा निर्णय घेणे मला धाडसाचे वाटते.

आपल्या मुलीचा एएनए हा वेगळा विषय आहे. ही तपासणी मुख्यतः आयजीजी या दुसऱ्या वर्गाची प्रतिपिंडे दाखवते, आणि १:८० ला ती निरोगी प्रौढांतही सुमारे १३ टक्के लोकांत पॉझिटिव्ह येते. सांगलीतल्या लॅबमध्ये मी या काचपट्ट्या वाचत आलो आहे. पट्टीवरच्या हेप-२ या प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशींवर रुग्णाचा सीरम सोडून, चमकणारा रंग जोडलेले दुसरे प्रतिपिंड लावून अंधाऱ्या खोलीत पाहिले, की डीएफएस-७० या केंद्रकातल्या प्रथिनाविरुद्धच्या प्रतिपिंडात केंद्रकभर दाट, बारीक हिरवे ठिपके दिसतात आणि विभाजन चाललेल्या पेशींतल्या गुणसूत्रांची पट्टीही तशीच ठिपक्यांनी उजळलेली असते. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हे प्रतिपिंड अ‍ॅटोपिक डर्मॅटायटिसच्या सुमारे ३० टक्के रुग्णांत आढळले. पण ते धडधाकट माणसांतही आढळते, आणि ते एकटेच असेल तर ल्युपससारख्या, प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटणाऱ्या आजाराची शक्यता उलट कमी होते. अहवालावर नुसते ‘स्पेकल्ड’ (ठिपकेदार) छापले जाते तेव्हा हा फरक हरवतो आणि घरचे घाबरतात. आमच्या व्यवसायाबद्दलची ही माझी जुनी तक्रार आहे.

आपण विचारता, की प्रतिपिंडे रोगाच्या मुळाशीच असली तर? तसे असते, तर आयजीईला बांधून टाकणाऱ्या ओमॅलिझुमॅबने हा इसब ठळकपणे आटोक्यात यायला हवा होता. प्रत्यक्षात त्याचा परिणाम बेताचाच दिसला, आणि इंटरल्युकिन-४ व १३ या दाह वाढवणाऱ्या संदेशक प्रथिनांचा मार्ग रोखणारे, अमेरिकेत २०१७ साली मान्यता मिळालेले ड्युपिलुमॅब मात्र कामाला आले. त्या औषधाने खाज काही आठवड्यांत उतरते, रक्तातले आयजीई मात्र सावकाश खाली येते. त्यातून एकूण आयजीई जंतांमुळेही वाढते, हे आपल्या ग्रामीण भागात विसरून चालत नाही.

रक्तातल्या खुणांना माझा सरसकट विरोध नाही. टीएआरसी या प्रथिनाची पातळी इसबाच्या तीव्रतेबरोबर बऱ्यापैकी वर-खाली होते आणि जपानमध्ये ती नेहमीच्या उपचारात वापरली जाते. तीही वाचताना वय पाहावे लागते, कारण लहान मुलांत ती मुळातच जास्त असते. आणि ‘नुसते मलम’ म्हणाल, तर त्वचेचा थर सांधून ठेवणाऱ्या फिलॅग्रिन प्रथिनाच्या जनुकातले दोष आणि हा इसब यांचा संबंध २००६ साली पुढे आला, त्यानंतर मॉइश्चरायझरला दुय्यम उपचार म्हणणे अवघड झाले आहे.

आपल्या मुलीचा सांधा सुजत असेल, उन्हाने चेहऱ्यावर चट्टे उठत असतील, तोंडात वारंवार फोड येत असतील किंवा ताप रेंगाळत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवून लघवीची तपासणी आणि अँटी-डीएसडीएनए ही ल्युपससाठीची रक्ततपासणी जरूर करून घ्यावी. यांतले काहीच नसेल, तर एएनए पुन्हा करू नये, आणि पुढच्या भेटीत तो कागद बाजूला ठेवून रात्रीची झोप किती मोडते आणि कोपरा-गुडघ्यांच्या खळग्यांत चट्टे किती पसरले आहेत, एवढे डॉक्टरांना नेमके सांगावे.