'एक शेतकरी' यांना, पळिंजीवरून

नमस्कार. भाताच्या खोडकिड्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही 'एक शेतकरी' या नावाने लिहिलंत: "पतंग पीक खात नाही, अळी खाते. पळिंज दिसल्यावर फवारून काय उपयोग? मुंबईत पंख्याखाली बसून शेती शिकवू नका." (पळिंज म्हणजे खोड पोखरल्यामुळे दाणा न भरलेली पांढरी लोंबी.)

पहिलं मान्य. 'पतंग भात फस्त करतो' हे घाईत लिहिलं गेलं, दुरुस्त केलंय. मादी पानाच्या शेंड्याजवळ अंड्यांचा पुंजका घालते, त्यावर पिवळट केसांचं पांघरूण घालते, की तिचं काम संपलं. पोखरते ती अळी. हेच जरा नीट बोलला असतात तर आभार मानले असते.

पण पंख्याखाली? अहो, मी डोंबिवलीत राहतो, मुंबईत नाही. (हा फरक तुम्हाला कळायचा नाही, सोडा.) राजापूर तालुक्यात आमचे चार कुणगे, म्हणजे भाताची खाचरं, आहेत आणि सातवीपासून माझी एकही लावणी चुकलेली नाही. २००५ची तेवढी चुकली, तेव्हा गाड्याच बंद होत्या. आजी तरव्याच्या, म्हणजे भाताच्या रोपांच्या, जुड्या बांधून झाल्या की कोयत्याने शेंडे छाटायची आणि म्हशीपुढे टाकायची. त्या शेंड्यांबरोबर किड्याची अंडीही जातात, हे मला फार पुढे कळलं. लावणीनंतर महिन्याभराने हिरव्या चुडात, म्हणजे भाताच्या ठोंबात, एखादाच मधला पोंगा सुकलेला दिसला, की म्हणायची, "वढून बघ." ओढला की अलगद हातात यायचा, बुडाशी कुरतडलेला. नखाने खोड चिरलं की आत पिवळट अळी, तपकिरी डोक्याची, भोवती ओला भुसा. कधी नुसता भुसाच; बाई शेजारच्या फुटव्यात गेलेल्या. ती अळी मी चिमटीत धरलेली आहे. तुम्ही धरली आहेत का, ते तुमच्या तीन वाक्यांतून काही कळत नाही.

आणि 'शिकवू नका' म्हणजे काय? शंभरात पाच फुटवे असे सुकले तर हालचाल करा, मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे लावा, कापणीनंतर नांगर घालून धसकटं काढा कारण अळी त्यातच दडून राहते, एवढंच लिहिलं होतं. पूर्वी कुळीथ पेरायचा म्हणून तरी कापणीनंतर नांगर फिरायचा. आता आमच्या वाडीत निम्मे कुणगे धसकटांसकट पडून असतात, आणि मालक फोनवर प्रतिक्रिया लिहीत असतात. तुम्हाला म्हणत नाही.

राहता राहिला फवारणीचा मुद्दा. लोंबी पांढरी, पोकळ, ताठ उभी दिसेपर्यंत आत व्हायचं ते होऊन गेलेलं असतं, असं तुमचं म्हणणं दिसतं. असेल. त्यावर सवडीने लिहीन.

गणपतीला गावी आहे, भात तेव्हा पोटरीत असेल, म्हणजे लोंबी अजून पोटातच. नाव सांगून आलात तर चहा मिळेल. निनावी आलात तर दारात कुत्रा आहे.