‘क्रियापदाच्या आधी, अपवाद नाही’ म्हणे!

भाचीने इंग्रजी व्याकरणाचा एक फॉरवर्ड मला पाठवला आणि खाली विचारलं, “मामा, एवढं पाठ केलं की झालं ना?” नाही झालं. त्यातलं म्हणणं असं: ऑलवेज, यूज्वली, समटाइम्स, रेअरली, नेव्हर हे शब्द कायम क्रियापदाच्या आधी येतात, अपवाद नाही, प्रत्येकाची टक्केवारी ठरलेली आहे, आणि चालू वर्तमानकाळात ऑलवेज वापरणं चूक.

‘अपवाद नाही’ हे कुणी घुसडलं? ‘शी ऑलवेज वॉक्स’ इथे नियम बसतो, मान्य. पण अ‍ॅम, इज, आर आले की शब्द त्यांच्या मागे जातो: ‘शी इज ऑलवेज लेट’. सहायक क्रियापद असेल तर पहिल्या सहायकानंतर: ‘आय हॅव नेव्हर सीन इट’. बरं, ‘शी ऑलवेज इज!’ हेही बरोबरच आहे, पण ‘इज शी लेट?’ला ठासून दिलेलं उत्तर म्हणून. नकारात तर हा नियम पोराला तोंडघशीच पाडतो. ‘आय डोन्ट ऑलवेज अ‍ॅग्री’ म्हणजे कधी पटतं, कधी नाही. इथे ऑलवेज डोन्टच्या मागे. समटाइम्सचं नेमकं उलट: ‘आय समटाइम्स डोन्ट अ‍ॅग्री’. आणि नेव्हरला डोन्ट लागतच नाही, नकार त्याच्या पोटातच आहे. आता ‘क्रियापदाच्या आधी’ म्हणजे यातल्या कुठल्या क्रियापदाच्या आधी? फॉरवर्ड गप्प.

समटाइम्स आणि यूज्वली वाक्याच्या सुरुवातीलाही खुशाल येतात. नेव्हर तिथे नेला तर पुढची रचना उलटते: ‘नेव्हर हॅव आय सीन सच अ मेस’.

टक्केवारीत क्रम तेवढा खरा आहे. यूज्वली समटाइम्सपेक्षा जास्त, रेअरली त्याहून कमी, हे कबूल. पण ‘रेअरली म्हणजे १० टक्के’? युरोपात औषधांच्या दुष्परिणामांसाठी असे शब्द आकड्यांना बांधलेले आहेत. तिथे ‘रेअर’ म्हणजे १०,००० जणांत १ ते १० जण; १० टक्क्यांना तर ‘व्हेरी कॉमन’ म्हणतात! आकडे मुद्दाम ठरवून घ्यावे लागले, कारण बोलण्यात ते ठरलेले नसतात. ‘इट रेअरली रेन्स हिअर’ म्हणणारा माणूस काही दिवस मोजत बसलेला नसतो.

राहिला चालू वर्तमानकाळ. ‘ही इज ऑलवेज लूझिंग हिज कीज’ हे शुद्ध इंग्रजी आहे. सारखा किल्ल्या हरवतो मेला, हा वैताग त्या ऑलवेजमुळेच येतो. साध्या ‘ही ऑलवेज लूझेस’मध्ये तो तितका नाही.