रविवारच्या साडेसहाच्या शोबद्दल टॉकीजतर्फे उत्तर

नमस्कार दादा,

रविवारी, 18 डिसेंबर 2016 ला, तुम्ही घरच्यांना घेऊन परभणीहून नांदेडला आलात, आमच्याकडे संध्याकाळी साडेसहाचा टूडी 'रोग वन' हा 'स्टार वॉर्स' मालिकेतला इंग्रजी सिनेमा पाहिलात आणि एक स्टार दिलात. तुमच्या तक्रारी अशा: चित्र अंधारं होतं, सुरुवातीची पिवळी अक्षरं आम्ही कापली, एका म्हाताऱ्या अधिकाऱ्याचा चेहरा प्लास्टिकचा वाटला, संवाद ऐकू येत नव्हते, मध्यंतर वाक्याच्या मधोमध आलं, हा पुढचा नाही तर आधीचा भाग आहे हे खिडकीवर कुणी सांगितलं नाही, आणि 2000 ची नोट घेतली नाही. या सातांपैकी पिवळी अक्षरं आणि तो चेहरा सोडला तर बाकी पाचही ठिकाणी चूक आमची आहे. त्याबद्दल मनापासून माफी मागतो. काय झालं तेही नीट सांगतो, कारण तुम्ही नेमकं लिहिलंय आणि त्याला गुळगुळीत उत्तर देणं बरोबर नाही.

आधी अंधाराचं, कारण सगळ्यात मोठी चूक तीच. दुपारी तीनचा शो थ्रीडी होता. थ्रीडीसाठी प्रोजेक्टरच्या लेन्ससमोर एक पोलरायझेशनची काच सरकवावी लागते. डाव्या आणि उजव्या डोळ्याची चित्रं ती आळीपाळीने वेगळी करते आणि ते करताना निम्म्याहून जास्त उजेड खाते. म्हणून थ्रीडीला दिवा पूर्ण ताकदीवर चालवतात आणि टूडीला उतरवतात. रविवारी ऑपरेटरने साडेसहाची टूडी प्लेलिस्ट लावली, तशी प्रोजेक्टरने रंगाची आणि दिव्याची सेटिंग आपोआप बदलली. पण काच हातानेच बाजूला करायची असते, ती तशीच राहिली. दिवा उतरलेला आणि समोर काच, असा दुहेरी फटका बसला. सर्व्हरला, म्हणजे सिनेमा चालवणाऱ्या संगणकाला, ती काच दिसतच नाही, त्यामुळे त्याच्या पडद्यावर सगळं हिरवं, म्हणजे ठीक, दिसत होतं.

सोमवारी सकाळी मुद्दाम तीच मांडणी करून पांढरी फ्रेम टाकली आणि 'जी' (G) रांगेच्या मध्यावरून मीटरने मोजलं. टूडीला 14 फूट-लॅम्बर्ट (पडद्यावरचा उजेड मोजायचं एकक) हवेत, भरले साडेपाच. काच बाजूला केल्यावर आकडा जागेवर आला. थ्रीडीला चष्म्यातून साधारण साडेचार मिळाले तरी चालतात असं धरलं जातं. म्हणजे तुम्ही टूडीचं तिकीट काढून जवळजवळ थ्रीडीचाच उजेड पाहिलात.

त्यात तुमच्या सीट तिसऱ्या रांगेत अगदी उजव्या टोकाला. आमचा पडदा चंदेरी आहे. साध्या पांढऱ्या पडद्यावर आपटला की प्रकाशाचं पोलरायझेशन मोडतं आणि थ्रीडीत दोन-दोन चित्रं दिसतात, म्हणून चंदेरी पडदा लागतो. पण हा पडदा उजेड मधल्या खुर्च्यांकडे जास्त फेकतो आणि टोकाला कमी देतो. एरवी हा फरक डोळा सांभाळून घेतो, त्या दिवशी सांभाळायला काही उरलंच नव्हतं. या सिनेमातला पावसातला रात्रीचा मोठा प्रसंग तुम्हाला नुसता काळा दिसला असणार, यात मला शंका नाही.

इतक्या माणसांत कुणीच का बोललं नाही, असंही तुम्ही विचारलंय. अंधाराला डोळा काही मिनिटांत सरावतो, आणि शेजारी तुलनेला काही नसलं की मंद चित्रच खरं वाटायला लागतं. प्रोजेक्शन रूममधून छोट्या काचेतून बघणाऱ्याचंही तेच होतं. म्हणून एक खूण सांगतो, ती कुठल्याही टॉकीजमध्ये उपयोगी पडेल. पिक्चरच्या आधी सेन्सॉरचं प्रमाणपत्र दहा सेकंद पडद्यावर असतं. त्याचा कागद पांढराच दिसला पाहिजे. तो राखाडी किंवा मळकट पिवळा दिसला तर लगेच उठून दारावरच्या माणसाला सांगा. त्या वेळी काच बाजूला करायला अर्धं मिनिट पुरतं. नंतर लक्षात आलं तर शो थांबवावा लागतो.

आता त्या काचेच्या चौकटीला लांब लाल कापडी पट्टा बांधलाय. काच लेन्ससमोर असली की पट्टा सर्व्हरच्या कीबोर्डवर आडवा येतो, त्याला हात लावल्याशिवाय प्लेलिस्ट सुरूच करता येत नाही. शिवाय प्रत्येक टूडी शोआधी पांढऱ्या फ्रेमचा आकडा वहीत लिहायचा. 12 च्या खाली असेल तर शो सुरू करायचा नाही.

पिवळ्या अक्षरांबद्दल मात्र विश्वास ठेवा, आम्ही काहीही कापलेलं नाही. मालिकेच्या पहिल्या ते सातव्या, सगळ्या भागांच्या सुरुवातीला ती वर सरकणारी अक्षरं आहेत. 'रोग वन'मध्ये ती ठेवलेलीच नाहीत. फार पूर्वीच्या, दूरच्या आकाशगंगेबद्दलची निळी ओळ येते आणि थेट प्रसंग सुरू होतो. नावही त्या पहिल्या प्रसंगानंतर येतं. मुख्य मालिकेबाहेरची स्वतंत्र गोष्ट म्हणून बनवणाऱ्यांनीच तसं ठरवलं. आणि आमच्या मनात आलं तरी आम्हाला कापता येत नाही. सिनेमा हार्ड डिस्कवर कुलूपबंद येतो, त्याची चावी आमच्याच सर्व्हरपुरती आणि ठरलेल्या तारखांपुरती चालते, आणि कधी सुरू झाला, कुठे थांबला याची नोंद सर्व्हर ठेवतो, ती आम्हाला पुसता येत नाही. तुमच्या शोची नोंद अशी आहे: 6.42 ला सुरू, 15 मिनिटं मध्यंतर, 9.10 ला समाप्त. मध्यंतर वजा केलं की 133 मिनिटं उरतात, आणि सिनेमाची लांबी तेवढीच आहे. आत यायला तुम्हाला दारापाशी थांबावं लागलं ते राष्ट्रगीतामुळे. सर्वोच्च न्यायालयाच्या 30 नोव्हेंबर 2016 च्या आदेशानुसार ते चालू असताना दारं बंद ठेवली होती. त्यात सिनेमाचा एक सेकंदही गेला नाही.

या पिवळ्या अक्षरांचा आणि या गोष्टीचा संबंध मात्र फार जवळचा आहे. 1977 च्या मूळ 'स्टार वॉर्स'ची अक्षरं वाचलीत तर त्यात बंडखोरांच्या हेरांनी साम्राज्याच्या महाशस्त्राचे आराखडे पळवले असं येतं. हा अख्खा सिनेमा त्या एवढ्याशा मजकुरातून उभा केलाय. म्हणजे गोष्ट 2005 च्या तिसऱ्या भागानंतरची आणि 1977 च्या सिनेमाच्या अगदी आधीची. 2015 साली आलेल्या सातव्या भागाशी तिचा थेट संबंध नाही, म्हणून त्यातली माणसं शोधत बसलेल्या तुमच्या मुलांचा गोंधळ झाला. चूक आमच्या फळ्याची. त्यावर 'स्टार वॉर्सचा नवा भाग' एवढंच लिहिलं होतं. आता 'पहिल्या (1977) सिनेमाच्या आधीची गोष्ट, नवी पात्रं, आधीचे भाग पाहिलेले नसले तरी चालेल' असं लिहिलंय. मुलांना 1977 चा सिनेमा याच आठवड्यात घरी दाखवा असं मी आग्रहाने सांगेन. याचा शेवट इथे लिहीत नाही, कारण हे उत्तर न पाहिलेलेही वाचतील. पण शेवटची काही मिनिटं आठवत असतानाच तो सुरू केलात तर जोड कुठे आहे ते लहान मुलालाही दिसेल.

तो म्हातारा अधिकारी म्हणजे टार्किन. 1977 साली ती भूमिका पीटर कुशिंग यांनी केली होती, ते 1994 साली वारले. इथे गाय हेन्री या नटाने काम केलंय आणि त्याच्या चेहऱ्यावर कुशिंग यांचा चेहरा संगणकाने बसवलाय. इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकचं काम आहे ते. बोलताना ओठ आणि डोळ्यांभोवतीची कातडी थोडी खोटी वाटते, हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे. फक्त तो दोष प्रोजेक्टरचा नाही. प्रोजेक्टरचा असता तर शेजारी उभ्या माणसाचा चेहराही तसाच दिसला असता.

आवाजाचं तपासायला जास्त वेळ लागला. संवाद पडद्यामागच्या मधल्या स्पीकरमधून येतात, म्हणून आधी तोच फाटला असावा असा संशय आला. चाचणीचा सपाट खरखराट सोडून त्यातले हॉर्न (बारीक आवाजाचा भाग) आणि वूफर (जाड आवाजाचा भाग) वेगवेगळे ऐकले, दोन्ही ठणठणीत निघाले. मग आवाजाच्या यंत्राचा आकडा पाहिला. सिनेमाचं मिक्सिंग 7 वर ऐकून केलेलं असतं, आमचा 5 वर होता. एका आकड्याला साधारण 3.3 डेसिबल, म्हणजे साडेसहा डेसिबलहून जास्त तूट. जाहिराती कानठळ्या बसवतात म्हणून लोक ओरडतात, ऑपरेटर आवाज उतरवतो आणि सिनेमा सुरू झाल्यावर परत चढवायचं राहून जातं. स्फोट तेवढ्यावरही ऐकू येतात, पण हळू बोललेलं वाक्य बुडतं. भरीला, थंडीमुळे एसीचा कॉम्प्रेसर बंद असला तरी हवा खेळवणारे पंखे पूर्ण वेगात होते. त्यांच्या सुस्काऱ्यात इंग्रजीतले 'स', 'फ', 'थ' आधी हरवतात आणि ऐकणाऱ्याला वाटतं उच्चारच कळत नाहीत. आता प्लेलिस्टमध्येच जाहिरातींना साडेचार आणि सिनेमाला सव्वासहा असे आकडे बांधून टाकलेत. पंख्यांचा वेग निम्म्यावर आणलाय. 7 वर मी मुद्दाम जात नाही, लहान मुलांना ते फार होतं. सबटायटलचं म्हणाल तर त्याची वेगळी आवृत्ती आणि वेगळी चावी लागते, ती आम्हाला आलेली नाही, त्यामुळे बटण दाबून सुरू करता येण्यासारखं काही नाही.

मध्यंतर: या सिनेमांना मुळात मध्यंतर नसतं, ते आपण घालतो. आम्ही सिनेमा न बघता घड्याळाने बरोबर निम्म्यावर, 66 व्या मिनिटाला खूण टाकली आणि ती वाक्यात पडली. आता बसून बघून ती प्रसंग बदलतो तिथे नेली आहे, आणि पुन्हा सुरू करताना दहा सेकंद मागून सुरू होतं.

2000 च्या नोटेचं म्हणाल तर सुट्टे खरोखरच नव्हते. पण कार्डाचं मशीन कँटीनवर पडून होतं आणि खिडकीवरच्या पोराने ते सांगितलं नाही. ते आता तिकीट खिडकीवर आणलंय.

तुमच्या चारही तिकिटांचे पैसे परत करतोय. खिडकीवर नोट न चालल्याने शेवटी ती ऑनलाइन काढलीत, म्हणून रक्कम खात्यातच जमा होईल. वरचं सुविधा शुल्क तिकडून परत मिळत नाही, ते आम्ही खिडकीवर 100 च्या नोटांत रोख देऊ. तिकिटाचा एसएमएस दाखवला की झालं, आणि त्यासाठी मुद्दाम परभणीहून यायची गरज नाही, नांदेडला येणाऱ्या कुणाकडेही तो पाठवा. पुन्हा बघायचा असेल तर 'जी' रांगेतल्या मधल्या चार सीट साडेसहाच्या टूडी शोला तुमच्यासाठी राखून ठेवतो. फक्त गुरुवारच्या आत कळवा. शुक्रवारपासून हा पडदा 'दंगल'ला जातो, आणि 'रोग वन'ची चावीही गुरुवारी रात्रीच संपते.